रेषेच्या आत

वाचकहो, फुटबॉलवर लिहिण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात उद्भवला तर त्यात गैर काहीच नाही. मी नामांकित खेळाडू नव्हतो, पंच नव्हतो आणि वार्ताहर तर नव्हतोच. सदतीस वर्षे सरकारी कचेरीत इतरांच्या जमाखर्चातील चुका शोधीत बसलो व नियत वयोमानानुसार निवृत्त झालो. परंतु ज्याचे बालपण कोल्हापुरात गेले, त्याला या खेळापासून सर्वस्वी अलिप्त राहता येत नाही. आमच्या गावी तालमी जशा कुस्तीच्या, तशाच फुटबॉलच्याही. पेठेपेठेचा आपापला संघ आणि पेठेपेठेचा आपापला अभिमान. सामन्याच्या दिवशी मंगळवार पेठेतील जावयाने शिवाजी पेठेतील सासुरवाडीस जेवायला जाऊ नये, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. त्या थट्टेत तथ्याचा अंश बराच होता.

मी शाळेच्या संघात गोलकीपर होतो. उंची बेताची होती, पण मला धावण्याचा कंटाळा असे, आणि धावण्याचा कंटाळा असणाऱ्या मुलाला गोलात उभे करावे असा आमच्या मास्तरांचा सिद्धांत होता. त्यामुळे या खेळाकडे मी आजही मागून पाहतो. पुढे खेळणाऱ्याला चेंडू दिसतो. मागे उभा राहणाऱ्याला रेषा दिसते. आमच्या मैदानावर ती फक्कीने आखीत आणि पहिल्या दहा मिनिटांत ती पायांखाली पुसली जाई. मग चेंडू आत गेला की नाही यावर जो कज्जा चाले, तो कित्येकदा सामन्याहून अधिक वेळ घेई.

हे सारे मला पुन्हा आठवले ते २०१७ सालच्या ऑक्टोबरात. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद त्या वर्षी भारताकडे होते. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगाव आणि नवी मुंबई या सहा नगरांत २४ राष्ट्रांचे संघ ६ ऑक्टोबरपासून २८ ऑक्टोबरपर्यंत ५२ सामने खेळले. नवी मुंबईचे सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होते, आणि माझ्या मुलाचे घर नेरुळातच असल्याने त्या स्टेडियमच्या दिव्यांचा उजेड आमच्या गच्चीवरून दिसे. विश्वचषक इतक्या जवळ येऊन उभा राहील, असे १९५८ साली फाटक्या चेंडूत चिंध्या कोंबणाऱ्या मुलाला कोणी सांगितले असते, तर त्याने ते खचितच खरे मानले नसते.

आपल्यापैकी अनेकांना या स्पर्धेचा इतिहास ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने ती १९८५ साली चीनमध्ये प्रथम भरविली. तेव्हा वयाची मर्यादा सोळा वर्षांची होती. १९९१पासून ती सतरा झाली. पहिला चषक नायजेरियाने जिंकला आणि पुढेही चार वेळा जिंकला. मोठ्यांच्या विश्वचषकात आफ्रिकेच्या वाट्याला जे आले नाही, ते या मुलांनी पाच वेळा आपल्या खंडाला मिळवून दिले. भारताला कुमारांच्या खेळाची परंपरा अगदीच नव्हती असे नाही. १९७४ साली बँकॉकमधील आशियाई युवक स्पर्धेत अंतिम सामना २–२ असा बरोबरीत सुटला व भारत आणि इराण यांना संयुक्त विजेतेपद मिळाले. पण विश्वचषकाच्या अंगणात आपले पाऊल पडले ते २०१७ सालीच, आणि तेही यजमान म्हणून मिळालेल्या प्रवेशावर.

या स्पर्धेत वयाचा प्रश्न फार नाजूक असतो. २०१७ साली खेळण्यास पात्र होण्यासाठी मुलाचा जन्म १ जानेवारी २००० रोजी अथवा त्यानंतर झालेला असणे आवश्यक होते. कागदावरील तारखेवर किती विसंबावे, या चिंतेतून २००९पासून मुलांच्या मनगटाची चुंबकीय प्रतिमा घेण्याची पद्धत या स्पर्धेत आली. मनगटाशी हाडाच्या टोकाला वाढीची एक कूर्चा असते. ती पूर्णपणे सांधली गेली असेल, तर मुलगा सतरा वर्षांखालील असण्याचा संभव अत्यल्प मानतात. हे वाचून मला माझ्या पिढीचे हसू आले. माझी शाळेतील जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वर्गातील अकरा मुलांची तीच होती. मास्तर दाखल्यासाठी तारीख विचारीत, आई म्हणे, ‘मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षी’, आणि मास्तर शांतपणे १ जून लिहून टाकीत. आमची मनगटे कोणी तपासली असती, तर निम्मा संघ घरी गेला असता!

आता मला एक गोष्ट सांगावयाची आहे, जी सांगण्यासाठीच वास्तविक हा लेख लिहावयास घेतला आणि जी इतका वेळ मी टाळीत आलो.

माझा मुलगा सुहास माझ्याहून पुष्कळच चांगला खेळे. तो मधल्या फळीत खेळत असे आणि त्याला धावण्याचा कंटाळा नव्हता. १९८९ सालच्या जानेवारीत, तो सोळा वर्षांचा असताना, राज्याच्या कुमार संघाच्या निवडीसाठी भरणाऱ्या सराव शिबिरास त्याला बोलावणे आले. शिबिर तीन आठवड्यांचे होते, पुण्यास होते आणि मार्चमध्ये त्याची शालान्त परीक्षा होती. बोलावण्याच्या पत्राखाली पालकांच्या संमतीचा मजकूर छापलेला होता व सहीसाठी जागा सोडलेली होती. तो कागद त्याने माझ्या मेजावर, पेपरवेटखाली, चार दिवस ठेवला. तोंडाने एक शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी मी तो कागद उचलला आणि कचेरीतील सवयीने त्यावर लाल शाईने शेरा मारला: ‘परीक्षेमुळे परवानगी नाही.’ खाली सही केली, तारीख घातली आणि कागद होता तिथे ठेवून दिला.

मी त्याला बोलावून सांगितले असते, रागावलो असतो, समजूत घातली असती, तर कदाचित गोष्ट निराळी झाली असती. मी शेरा मारला. सुहासने तो वाचला, परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, अभियंता झाला. माझ्याशी तो कधी उद्धटपणे बोलला नाही. पण त्यानंतर त्याने आमच्या घरात फुटबॉलचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. आमच्या सौभाग्यवतींनी हयात असेपर्यंत दोन-तीन वेळा मला सुचविले की, ‘एकदा बोला त्याच्याशी.’ मी म्हणे, ‘काय बोलायचे? परीक्षा होती.’ उत्तर बिनतोड होते. बिनतोड उत्तरे देण्यात माझे सारे आयुष्य गेले.

म्हणून २०१७ साली सुहासने जेव्हा सहजपणे सांगितले की, ‘नाना, मी आपल्या तिघांची तिकिटे काढली आहेत’, तेव्हा मला काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकाल. तिघे म्हणजे तो, मी आणि माझी नात मृण्मयी. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रातील शाळाशाळांतून मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला होता. त्या दिवशी ती गणवेशाला चिखल फासून घरी आली होती आणि तिच्या आईची बोलणी तिने अत्यंत प्रसन्न मुद्रेने ऐकून घेतली होती.

भारताचे तिन्ही सामने दिल्लीस झाले. ते आम्ही घरी दूरचित्रवाणीवर पाहिले. संघातील बरीच मुले मणिपूरची होती. कर्णधार अमरजित सिंग, गोलरक्षक धीरज सिंग ही तिकडचीच. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला होता, आणि मुंबईत जन्मून अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हाही संघात होता. पहिल्या सामन्यात अमेरिकेने ३–० असे हरविले. त्यात अन्वर अलीचा एक फटका आडव्या दांड्यावर आदळला आणि तोच चेंडू पलीकडे जाऊन अमेरिकेचा तिसरा गोल झाला. दैव किती अंतराने फिरते ते पाहा!

दुसरा सामना ९ ऑक्टोबरला कोलंबियाशी होता. त्याविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. पूर्वार्धात राहुलचा फटका खांबाला लागून परतला. उत्तरार्धाच्या प्रारंभी पेन्यालोझाने कोलंबियाचा गोल केला. मग ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कोपऱ्यावरून चेंडू मारला, जिकसन सिंग गर्दीतून उंच उडाला आणि त्याने डोक्याने तो जाळ्यात धाडला. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत भारताने केलेला तो पहिला गोल! आमच्या इमारतीत एकाच वेळी किती खुर्च्या सरकल्या, ते मी कानांनी ऐकले. सुहास उभा राहिला होता. त्याचे दोन्ही हात वर होते आणि ते खाली आणायचे त्याला भान नव्हते. पंचेचाळीस वर्षांचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला माझा मुलगा तसा उभा होता, आणि मी सामना सोडून त्याच्याकडेच पाहत होतो. त्यामुळे पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने केलेला दुसरा गोल मी पाहिलाच नाही. मृण्मयीच्या ‘अरे रे’ वरून मला तो कळला. ८३व्या मिनिटाला पेन्यालोझानेच तो केला होता. बरोबरीचा आनंद आपल्याला जेमतेम एक मिनिट लाभला.

संघाचे पोर्तुगीज प्रशिक्षक लुईस नॉर्टन द मातोस यांच्या हाती ही मुले आली, तेव्हा स्पर्धेला वर्षही उरले नव्हते. तिसऱ्या सामन्यात घानाने ४–० असा पराभव केला व आपली स्पर्धा संपली. काही विद्वानांनी लगेच हिशोब मांडला की, तीन सामने, नऊ गोल खाल्ले, एक केला. हिशोब तपासणे हा माझा पेशा होता. म्हणून सांगतो की, या हिशोबात चूक नाही, पण जमेच्या बाजूची एक नोंद राहून गेली आहे. ती कोणती, ते मला आकड्यांत लिहिता येत नाही.

नेरुळच्या मैदानावर आम्ही माली या देशाला दत्तक घेतले. हा देश नकाशात कोठे आहे हे मृण्मयीने मला दाखविले. पश्चिम आफ्रिकेतील, सहाराच्या कडेचा, समुद्रकिनारा नसलेला देश. त्यांच्या कुमारांनी २०१५ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा आफ्रिकेची अजिंक्यपदे मिळविली होती आणि २०१५च्या विश्वचषकात ते उपविजेते होते. ६ ऑक्टोबरला पॅराग्वेशी ते ३–२ असे हरले, ९ तारखेला तुर्कस्तानला त्यांनी ३–० ने लोळविले. ती मुले अशी धावत की जणू मैदान उतरते आहे. नेरुळ, वाशी, पनवेलहून आलेले हजारो लोक, ज्यांना आठवड्यापूर्वी मालीचे नावही ठाऊक नव्हते, ते ‘माली, माली’ असा घोष करू लागले.

२५ ऑक्टोबरला त्याच मैदानावर उपान्त्य सामना झाला: स्पेनविरुद्ध माली. आमच्या जागा गोलाच्या मागील बाजूस, थोड्या तिरक्या होत्या. स्पेनच्या आबेल रुईझने पूर्वार्धात दोन गोल केले, त्यांतील पहिला पेनल्टीवर. मध्यंतरानंतर मालीने जोर धरला. तासाभराचा खेळ झाला असेल; मालीच्या चेइक दुकुरेने दुरून एक विलक्षण फटका मारला. चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या अंगाला लागला, सरळ खाली आपटला आणि उसळून बाहेर आला. मालीची मुले हात उंचावून धावू लागली. पंचांनी गोल दिला नाही. खेळ चालू राहिला.

दूरचित्रवाणीवर तो क्षण नंतर पुनःपुन्हा दाखविला गेला आणि चेंडू रेषेच्या आत, चांगला आत, पडला होता हे जगाने पाहिले. पण त्या स्पर्धेत चित्रफीत पाहून निर्णय देण्याची सोय नव्हती. चेंडू क्षणार्धात आपटून परतला. पंचांच्या जागी आपण असतो तर आपल्याला दिसले असते, असे छातीठोकपणे म्हणण्यास मी तयार नाही. गोल मिळता तर सामना २–१ झाला असता आणि अर्धा तास शिल्लक होता. त्याऐवजी ७१व्या मिनिटाला फेरान टोरेसने स्पेनचा तिसरा गोल केला. तीन मिनिटांनी मालीने एक गोल फेडला, पण सामना ३–१ असाच संपला.

मी पंचांना दोष देत नाही. मला आठवते ते एवढेच की, त्या मुलांनी क्षणभर पंचांकडे पाहिले, हात पसरले आणि मग ती परत धावू लागली. वाद घालण्यास त्यांना वेळ नव्हता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला वडीलधाऱ्याने ‘नाही’ म्हटले की तो दुसरे काय करू शकतो? त्या निर्णयाला वर कोठे दाद मागता येत नाही, हे त्याला आधीपासूनच ठाऊक असते. तो आपल्या जागी जातो आणि खेळू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, विसरला.

माझ्या शेजारी सुहास इतका वेळ गप्प होता. तो हळूच म्हणाला, ‘आत गेला होता चेंडू, नाना.’

मी म्हणालो, ‘होय. आत गेला होता. मी पाहिला.’

परतताना गर्दीत आम्ही पायीच निघालो. मृण्मयी पुढे चालत होती. मनाशी मी वाक्य जुळवीत होतो. अठ्ठावीस वर्षे जे जुळले नव्हते, ते पुलाखालून जाताना एकदाचे जुळले, आणि मी म्हणालो, ‘सुहास, त्या वेळी मी त्या कागदावर जो शेरा...’

‘नाना, पाय जपून टाका,’ तो म्हणाला, ‘इथे खड्डा आहे.’ आणि त्याने माझा हात धरला. घरापर्यंत त्याने तो सोडला नाही. मीही वाक्य पुरे केले नाही.

स्पर्धेचा शेवट कोलकात्यास झाला. २८ ऑक्टोबरला तिथल्या मैदानावर आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला. त्यात ब्राझीलने मालीला २–० असे हरविले. पहिला गोल मालीच्या गोलरक्षकाच्या हातून निसटलेल्या अगदी साध्या चेंडूचा होता. जुना गोलकीपर म्हणून सांगतो, तसा चेंडू माणूस जन्मभर रात्री पाहतो. नंतरच्या अंतिम सामन्यात स्पेन २–० असा पुढे असताना इंग्लंडने पाच गोल करून चषक जिंकला. ब्रूस्टरने स्पर्धेत सर्वाधिक आठ गोल केले आणि फिल फोडन सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्पर्धेत एकंदर १८३ गोल झाले आणि १३,४७,१३३ प्रेक्षकांनी सामने पाहिले. १९८५ सालचा चीनमधील उच्चांक त्याने मागे पडला. फोडन आणि त्याचा सहकारी मार्क ग्वेही हे दोघे १४ जुलै २०२४ रोजी बर्लिनमध्ये युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळले, तेव्हाही समोर स्पेनच होता. त्या खेपेस स्पेन २–१ ने जिंकला. जिकसन पुढे भारताच्या मुख्य संघात आला. त्या मालिकेतील सर्वच मुलांचे पुढे काय झाले, हे वृत्तपत्रे सांगत नाहीत. २४ संघांत प्रत्येकी २१ खेळाडू होते, म्हणजे पाचशेहून अधिक मुले. त्यांतील बहुसंख्य आज कोठेतरी नोकरी-व्यवसाय करीत असतील आणि संध्याकाळी त्यांच्याही घरी कोणी फुटबॉलचा विषय काढीत नसेल.

पाच वर्षांनी, २०२२च्या ऑक्टोबरात, सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात आला. आपल्या मुली भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या; अमेरिकेशी ०–८, मोरोक्कोशी ०–३, ब्राझीलशी ०–५. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला, रविवारी, नेरुळच्या त्याच मैदानावर होता. मृण्मयी आता सोळा वर्षांची होती. सोमवारी तिची कसलीशी चाचणी परीक्षा होती. ती पुस्तक घेऊन बसली होती आणि पुस्तकावरून घड्याळाकडे पाहत होती. मी म्हणालो, ‘ऊठ. चप्पल घाल.’ सुहास दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही, फक्त माझी काठी उचलून माझ्या हाती दिली.

स्पेन आणि कोलंबिया यांच्या मुली खेळत होत्या. बराच वेळ गोल होईना. अखेर ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका मुलीला लागून चेंडू तिच्या स्वतःच्या गोलात गेला आणि स्पेन १–० असा जिंकला. तिच्या मैत्रिणी तिच्याभोवती गोळा झाल्या. मृण्मयी एकटक तिकडे पाहत होती.

मैदानाच्या कडेला एक पडदा ठेवलेला होता. शंका आल्यास पंचांनी तिथे जाऊन चित्रफीत पाहावी आणि आपला निर्णय बदलावा, अशी सोय या खेपेस केली होती. सुहासने तो मला बोटाने दाखविला.

‘पाच वर्षांपूर्वी हे असते,’ तो म्हणाला, ‘तर मालीच्या पोरांना तो गोल मिळाला असता.’

‘आणि तुला पुण्यास जाता आले असते,’ मी म्हणालो.

तो एकदम हसला. इतक्या वर्षांत त्या विषयावर तो प्रथमच हसला. ‘नाना,’ तो म्हणाला, ‘तो कागद आईने ठेवला होता. तुमचे अक्षर त्यावर फार सुंदर आले आहे.’